धोट्याला लावलेले तोंड : मँचेस्टरच्या कामगारांची वंशावळ आणि आपली

लँकेशायरच्या कापड गिरण्यांत आयुष्य काढलेल्या विणकर बायकांच्या आठवणींत दातांचा विषय निघतो. पुढचे दात किडलेले. कारण धोटा. मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हाताने ते लवकर निघत नसे आणि माग थांबला की मजुरी बुडे. म्हणून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत बाहेर यायचे. त्याच्यासोबत तोंडात जायची कापसाची धूळ, तेल आणि आधी त्याच धोट्याला ओठ लावलेल्या दुसऱ्या विणकराची थुंकी. तिथल्या कामगारांनी या प्रकाराला थट्टेने 'धोट्याचे चुंबन' असे नाव दिले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये यावर बंदी घातली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले.

ही गोष्ट लक्षात ठेवा. धोट्याला लावलेले हे तोंड पुढे आपल्याला परळ-लालबागला पुन्हा भेटणार आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे.

मी वस्तीत जातीच्या दाखल्यांच्या फायली लावायला मदत करते. त्या कामातून मला वंशावळ या विषयाची गोडी कमी आणि चीड जास्त लागली. पण गेली दोन वर्षे मी मँचेस्टर या इंग्लंडमधल्या कापड-शहराचा इतिहास वाचते आहे आणि तिथले साधे लोक आपल्या गिरणी कामगार पणजोबा-पणजीचा शोध कसा घेतात ते पाहते आहे. एक-दोन साथींनी मला विचारले, गोऱ्यांच्या खापरपणजोबांशी आपल्याला काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचे उत्तर.

मँचेस्टर १८०१ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे गाव होते. १८५१ पर्यंत ते तीन लाखांच्या पुढे गेले. लोक त्याला कापसाची राजधानी म्हणत. खुद्द शहरात सूतकताई, गोदामे आणि बाजार. विणकाम अधिक करून आसपासच्या ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन अशा गावांत. शहरात माणसे येत होती ती आजूबाजूच्या खेड्यांतून आणि आयर्लंडमधून, रिकाम्या पोटी. ही माणसे कुणी सरदार-जमीनदार नव्हती. त्यांच्या नावाने ताम्रपट नाहीत, वाडे नाहीत. तरीही आज त्यांचा पणतू त्यांना शोधू शकतो. कसा?

कारण त्यांची नावे लिहिली गेली. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीचा धंदा आणि दोघांच्या बापांची नावे व धंदे असत. सही येत नसेल तर फुली. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. त्या वर्षी मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली, त्यामुळे अजून गोंधळ होतो. पण १८५१ पासून नाते, धंदा, जन्मगाव, सगळे आले. ही घरोघरची पाने शंभर वर्षे बंद ठेवतात आणि मग सर्वांना खुली करतात. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे तिथल्या शोधणाऱ्यांना २०२२ पासून पुढची तीस वर्षे थांबायचे आहे. तेवढ्याने ते हळहळतात.

आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची पाने कुणालाच पाहता येत नाहीत. शंभर वर्षांनीही नाही. आपण आकड्यात असतो, पानावर नसतो.

मँचेस्टरमध्ये एंजल मेडो नावाची एक वस्ती होती. नाव 'देवदूतांचे कुरण'. प्रत्यक्षात तळघरांत राहणारी कुटुंबे, एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, उघडी गटारे. तिथल्या चर्चजवळच्या जागेत १७८७ ते १८१६ या काळात सुमारे चाळीस हजार गरिबांना पुरले, असे सांगतात. डीन कर्बी नावाचा पत्रकार आपल्या घराण्याचा माग काढत काढत याच वस्तीत पोचला. त्याचे आयरिश पूर्वज इथे राहिले होते. त्यातून २०१६ मध्ये त्याचे या वस्तीवरचे पुस्तक आले. म्हणजे शहराच्या इतिहासात ज्या वस्तीचे नाव फक्त पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या अहवालात होते, तिचा इतिहास त्या वस्तीतल्या माणसाच्या वंशजाने लिहिला.

याच वस्त्यांतून १८४० च्या दशकात फ्रेडरिक एंगल्स फिरला. बाप गिरणीमालक आणि पोरगा मजुरांची हालत लिहितो आहे. १८४५ मध्ये त्याचे पुस्तक आले. आपल्या डाव्या मित्रांकडे ते असतेच. पण श्रीमंत जर्मन तरुणाला त्या गल्ल्यांत शिरायला वाट कुणी दाखवली? त्याची साथीदार मेरी बर्न्स हिने, असे अभ्यासक मानतात. ती आयरिश कामगार बाई. तिच्या हातचे एकही पत्र उरलेले नाही. पुस्तक जगभर गेले आणि जिने वाट दाखवली तिला आता बाप्तिस्म्याच्या व जनगणनेच्या नोंदींत शोधावे लागते. आपल्याकडच्या किती चळवळींत असे घडले आहे, ते मी इथे मोजत बसत नाही.

त्या नोंदी काही निष्पाप नाहीत. लग्न झालेल्या बाईच्या धंद्याचा रकाना कित्येकदा कोरा. ती घरी चार भाडेकरूंचे जेवण करते, कपडे धुते, पण लिहिणाऱ्याच्या लेखी ती काहीच करत नाही. आयरिश माणसाचे गाव कित्येकदा लिहिलेलेच नाही, जन्मगावाच्या रकान्यात नुसते 'आयर्लंड'. १८३२ मध्ये डॉ. जेम्स के याने मँचेस्टरच्या मजुरांवर पुस्तिका लिहिली. तिच्यात शहराच्या घाणीचा आणि रोगराईचा बराच दोष या आयरिश लोकांच्या माथी मारला आहे. गरिबीला गरिबाची सवय म्हणणे ही युक्ती काही आपल्याच मनुवाद्यांची मक्तेदारी नाही.

आणि तरीही नाव लिहिले गेले. याची किंमत कळण्यासाठी एक तुलना पुरे. मँचेस्टरच्या गिरण्यांत जाणारा बहुतेक कापूस १८६० पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतून, काळ्या गुलामांच्या हातचा यायचा. १८५१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत तो कापूस पिंजणाऱ्या दहा वर्षांच्या पोराचे नाव आहे. १८५० च्या अमेरिकेच्या जनगणनेत तो कापूस वेचणाऱ्या गुलामांसाठी वेगळा तक्ता आहे. मालकाचे नाव वर आणि खाली नुसते वय, लिंग, रंग. नाव जवळजवळ कुठेच नाही. आज आफ्रिकन-अमेरिकन माणूस वंशावळ शोधत मागे गेला की १८७० च्या जनगणनेपाशी भिंतीला धडकतो. एकाच कापसाच्या दोन टोकांची ही दोन माणसे. एकाला पणजोबा सापडतो, दुसऱ्याला मालक सापडतो.

मँचेस्टर या बाबतीत स्वतःची एक चांगली आठवण जपून आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापूस थांबला, लँकेशायरमध्ये लाखो लोक उपाशी पडले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांनी सभा घेऊन गुलामीविरोधात लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. १९ जानेवारी १८६३ ला लिंकनने उत्तर दिले. शहरात लिंकनचा पुतळा आहे. घटना खरी आहे आणि तिला सलाम. पण लँकेशायरचे सगळेच कामगार असे नव्हते. काही गावांत दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. हे तिथल्याच इतिहासकारांनी दाखवले आहे. शहर कोणती आठवण पुतळ्यावर कोरते आणि कोणती कपाटात ठेवते, हेही वाचता आले पाहिजे.

याच कापूस दुष्काळाचा धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मँचेस्टरने हिंदुस्थानकडे पाहिले. तिथले कामगार आपल्याकडच्या सगळ्याच कापसाला 'सुरत' म्हणत आणि त्याला शिव्या घालत. धागा आखूड, सारखा तुटणारा, मजुरी कमी पडणारी. वऱ्हाडात भाव चढले, १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच रेल्वेने परत येताना मँचेस्टरचे कापड आणले. वऱ्हाड-नागपूरकडे आपले कितीतरी लोक जाडेभरडे कापड विणत होते. इथला विणकर मोडून शेतमजूर झाला तर कापूस पिकवायला हात मिळतील, असे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उघड लिहून ठेवले आहे. तेव्हा मँचेस्टरची वंशावळ आणि आपली वंशावळ इतकी काही लांब नाही.

आता त्या शहराकडून शिकायची गोष्ट. कागद सरकारने लिहिले, पण तेवढ्याने इतिहास झाला नाही. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मतदानाचा हक्क मागायला सुमारे साठ हजार माणसे जमली. घोडेस्वारांनी तलवारी चालवल्या. अठराच्या आसपास माणसे मेली, सहाशेहून जास्त जखमी झाली. वॉटर्लूच्या लढाईची टर उडवत लोकांनी या प्रकाराला पीटर्लू म्हटले. सरकारने हल्लेखोरांची पाठ थोपटली. पण मदत समित्यांनी जखमींच्या याद्या केल्या. नाव, पत्ता, कुठे घाव, किती दिवस काम बुडाले. त्या याद्यांमुळे आज दोनशे वर्षांनी कुणी म्हणू शकते की तलवार लागलेली ती विणकर बाई माझ्या घरातली. बायकांवर वार संख्येच्या मानाने जास्त झाले, हेही त्याच याद्यांवरून कळले. २०१९ मध्ये स्मारक झाले, मेलेल्यांची नावे दगडात कोरली गेली.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. ज्यांची डोकी फुटली त्यांची नावे तुमच्या तालुक्यात कुणाला सांगता येतात? मी विचारून पाहिले आहे. बाबासाहेबांचे नाव सगळे सांगतात. मार खाल्लेल्या आजोबांचे नाव त्यांच्या नातवालाही नीट ठाऊक नसते.

मँचेस्टरमध्ये दुसरी मोठी गोष्ट घडली ती १९७० च्या दशकात. गिरण्या बंद पडत होत्या, जुन्या चाळीवजा घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या जात होत्या, माणसे शहराच्या कडेला फेकली जात होती. तेव्हा तिथल्या पॉलिटेक्निकमधल्या काही शिक्षकांनी टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि घराघरांतले कौटुंबिक फोटो मागून त्यांच्या नकला केल्या. या कामातल्या बिल विल्यम्स यांनी शहरातल्या ज्यूंचा इतिहास लिहिला. त्यातून पुढे १९८४ मध्ये एका जुन्या सिनेगॉगमध्ये ज्यू संग्रहालय उभे राहिले. शेजारच्या सॅलफर्डमध्ये कामगार चळवळीचे स्वतंत्र ग्रंथालय आहे. रूथ आणि एडी फ्राऊ या जोडप्याने आपल्या राहत्या घरात पुस्तके आणि पत्रके साठवून ते सुरू केले. घरात माणसांना बसायला जागा उरली नाही, तेव्हा १९८७ मध्ये ते सॅलफर्डच्या इमारतीत गेले.

आणि एक ग्रंथालय असे आहे की ज्याचे नाव ऐकून माझ्या पोटात कालवले. १९८६ मध्ये मँचेस्टरच्या एका शाळेत अहमद इक्बाल उल्लाह या तेरा वर्षांच्या बांगलादेशी मुलाचा एका गोऱ्या मुलाने खून केला. वर्णद्वेषाची चौकशी झाली, अहवाल आला. पुढे त्याच्या नावाने वंशभेदविरोधी दस्तऐवजांचे केंद्र उभे राहिले. ते आज शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या आठवणी, मुलाखती, पत्रके तिथे जमा होतात. एका पोराच्या मृत्यूतून शहराच्या कपाटात काळ्या-सावळ्या माणसांची जागा झाली. आपल्याकडे खैरलांजीनंतर मोर्चे निघाले, खटला चालला. त्या काळातली पत्रके, फोटो, अटक झालेल्या पोरांच्या याद्या कुठे आहेत? ज्याच्या-त्याच्या पत्र्याच्या पेटीत.

मग आठवणींच्या या बाजारात, मँचेस्टरवाले काय आठवतात? पहाटे लांब काठीने खिडकी ठोठावून कामगारांना उठवणारा माणूस. लाकडी तळांच्या बुटांचा फरसबंदीवर होणारा आवाज. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून ओठ वाचत बोलणाऱ्या बायका. अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा करणारी पोरे. आणि धोटा. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. उठवणाऱ्या माणसाच्या जागी भोंगा ठेवा, बुटांच्या जागी अनवाणी पाय.

पण धोट्यापाशी साम्य संपते.

मुंबईच्या गिरण्यांत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त होती. त्या खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण हेच, धोट्याला लावलेले तोंड. अस्पृश्याने ओठ लावलेल्या धोट्याला सवर्ण कामगार ओठ कसा लावणार? तो बाटणार. म्हणून आपल्यासाठी रिंग खाते, त्रासन खाते, झाडलोट आणि ओझी. लँकेशायरच्या डॉक्टरांना ज्या थुंकीत रोगजंतू दिसले, त्याच थुंकीत मुंबईच्या कामगाराला जात दिसली. यंत्र मँचेस्टरहून आले, नियम इथल्या गावगाड्यातून आला, आणि दोन्ही एका छपराखाली सुखाने नांदले.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती गेल्यावर मालकांनी त्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. विचार करा, मालक कामगार पुढाऱ्यांना असे सांगू शकत होते आणि ते खोटे नव्हते! दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हाही विणकाम खात्याचे हे उदाहरण त्यांच्या भाषणात होते. परळच्या चाळीत कितीतरी वर्षे राहिलेला माणूस बोलत होता. पुस्तकातून नाही, शेजारातून.

याच दिवसांतला एक फोटो लँकेशायरमध्ये फार प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९३१, डार्वेन गाव, गिरणीतल्या बायकांच्या गराड्यात हसणारे गांधी. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने बेकार झालेल्या बायका त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत आहेत. तिथल्या लोकांना तो फोटो आपल्या गावाच्या मोठ्या मनाची खूण वाटतो, आणि वाटू दे. त्याच दिवसांत बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी भांडत होते आणि समोर विरोधात गांधीच होते. एका शहराची गोड आठवण दुसऱ्याची जखम असू शकते.

आता माझ्या फायलींकडे येते. मँचेस्टरचा माणूस पणजोबा शोधतो ते हौसेने, सुट्टीच्या दिवशी. आपल्या पोराला पणजोबा शोधावा लागतो तो प्रवेशाची मुदत संपायच्या आत. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा द्या. ज्यांना शाळेच्या दारात उभे केले नाही त्यांच्या शाळेचा दाखला द्या. ज्यांना जमीन नव्हती त्यांचा सातबारा द्या. मग आपण कोतवाल बुक शोधतो, जन्म-मृत्यूची गावची नोंद. ती नोंद ज्या कोतवालाच्या नावाने ओळखतात, तो कितीतरी गावांत आपलाच माणूस होता आणि त्याला ती वाचता येत नव्हती. तिथे पणजोबाचे नाव सापडते ते असे: नुसते एकेरी नाव आणि पुढे जात. आडनाव नाही. इतर लोकांच्या वंशावळी हेळव्यांच्या तोंडी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. आपली वंशावळ राज्याने लिहिली ती जात सिद्ध करायला.

म्हणून काही तरुण साथी म्हणतात, वंशावळ म्हणजेच जात, ती कशाला उकरायची? दाखला निघाला की फाईल बंद करा. मला हे पटत नाही. दाखल्यासाठी लागतो तो फक्त एक शब्द, जातीचा. तो सापडला की आपण शोध थांबवतो, आणि पणजोबा पुन्हा त्या एका शब्दात बंद होतो. तो कुठून मुंबईला आला, कोणत्या खात्यात लागला, कुणी लावले, १९२८ ला संपात होता की नव्हता, पणजी शेणी थापत होती की गिरणीत धागे जोडत होती, हे त्या फाईलमध्ये नसते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये झाले. गिरणगावाच्या मुलाखतींचे मोठे काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केले. त्या मुलाखतींतले बरेच आवाज आता नाहीत. ही कामे विद्यापीठांच्या भरवशावर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

यंदा मी वस्तीतल्या फायलींसोबत एक वही ठेवली आहे. दाखल्याचे कागद गोळा करताना म्हाताऱ्या माणसाला दोन प्रश्न जास्तीचे विचारायचे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे. फोटो असेल तर मोबाईलवर काढून घ्यायचा, मूळ त्यांच्याकडेच ठेवायचे.

पहिला प्रश्न मी घरातच विचारला. आमच्याकडे 'आजोबा गिरणीत होते' एवढेच सगळ्यांना माहीत होते, आणि ते अभिमानाने सांगितले जायचे. मी वडिलांना विचारले, कोणत्या खात्यात?

'त्रासन,' ते म्हणाले.

साच्यावर का नाही गेले?

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'असं कुणी विचारलंच नाही कधी. आपल्यातलं तिथं कुणीच नव्हतं.'